दामलेकाकांची सेंगी

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये दाराबाहेर चपला ठेवायची सोय नाही. सकाळी बघावं तर सगळ्यांचे जोड पार लिफ्टपाशी ढकललेले! हे काम शेजारच्या दामलेकाकांचं. जाब विचारला की उत्तर तयार, "अगं मीनल, सेंगी उठल्या उठल्या आधी वाट झाडते. पायात काडी आली तर पळणार कशी? ससाणा उचलतो!"

सेंगी म्हणजे आफ्रिकेतला उंदराएवढा, लांब नाकाचा, मुंग्या-वाळवी खाणारा जीव. काकांनी तो टीव्हीवर पाहिला आणि आमचे ग्रह फिरले.

ते माझ्याच गाडीतून दुबईला ऑफिसला येतात. पुढे गाड्यांची रांग, माझं डोकं तापलेलं, आणि शेजारून चालू, "दिसते चिचुंद्रीसारखी, पण नातं हत्तीशी, हबीबी!"

"काका, मला हबीबी म्हणू नका हो!"

त्यांचा आवडता विषय म्हणजे सेंगीचा संसार. "जोडी जमली की जन्माची. पण खाणं आपापलं, फिरणं आपापलं, भेट क्वचित. कटकट नाही. आमचं तसंच."

तसंच होतं खरं. काकू पुण्यात शाळेत शिकवायच्या, काका इथे. सगळा संसार सुट्टीपुरता. यंदा काकू रिटायर झाल्या आणि कायमच्या इकडे यायला निघाल्या. झालं! काकांची झोप उडाली.

"मीनल, जमेल का गं आम्हाला एका घरात? सेंगी काही एकत्र..."

"काका, तुम्ही माणूस आहात! खलास!" मी ओरडलेच. कसनुसं हसून ते खिडकीबाहेर बघत बसले.

काकूंना आणायला एअरपोर्टवर मीच गेले, काकांना घेऊन. परत येताना मागच्या सीटवर दोघं दोन खिडक्यांना चिकटून, मध्ये काकूंची पर्स. शेवटी न राहवून मी एका कॅफेटेरियासमोर गाडी लावली आणि हॉर्न दिला. पोरगा धावत आला.

"तीन कडक चाय," मी सांगितलं.

"शक्कर?" त्याने विचारलं.

काका पुढे वाकले आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "मीनल, ही साखर घेते का गं?"

मला इतका राग आला, आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं, की मी नुसतीच स्टिअरिंग धरून बसले.

काकूंनी पर्स उचलून पायाशी ठेवली.

"मलाच विचारा की," त्या म्हणाल्या. "आता इथेच आहे मी."