भुजंगरावकाकांची शुक्रवारची तालीम

आमच्या गल्लीत एखादीला दिवस गेले की भुजंगरावकाका तिच्या दारासमोर उभे राहून एक लांब शिट्टी फुंकतात. मला दिवस गेल्याचं मी अजून फोनवर कराडला आईला सांगत होते, तेवढ्यात खाली शिट्टी झाली आणि समोरच्या कॉफीपावडरवाल्या मुरुगेसननं दुकानातूनच हात जोडून माझं अभिनंदन केलं. मी ही गोष्ट तिसरा महिना होईपर्यंत गुपित ठेवणार होते. सासूबाईंना फक्त सांगितलं होतं. फक्त सासूबाईंना सांगणं ही काय चीज आहे, हे मला तेव्हा कळलं.

शिट्टी खरीखुरी, बसकंडक्टरची. काका आमच्या कुंभकोणमहून मयिलाडुतुरैला जाणाऱ्या-येणाऱ्या बसवर आयुष्यभर कंडक्टर होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी खांद्याला ती कातडी पिशवी असतेच. तिच्यात आता तिकिटांच्या जागी खजूर असतात. गल्लीत पोटुशी बाई दिसली की ते आडवे जातात, पिशवीत हात घालतात आणि ‘टिकट घे’ म्हणून दोन खजूर हातावर ठेवतात. खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. मला खजूर आवडत नाहीत. नऊ महिन्यांत मी इतके खाल्ले की बाळ अरबस्तानातलं निघेल अशी मला शंका यायला लागली होती.

मी सासरी आले तेव्हा अगदी निर्धास्त होते, कारण इथली माणसं मराठीच. पूर्वज तंजावरच्या मराठ्यांबरोबर आले ते इकडेच राहिले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मायेनं विचारलं, “अस्कें चोखट आहे की गे?” मी घाबरून नवऱ्याकडे बघितलं. सगळं छान आहे ना, एवढंच त्या विचारत होत्या. शिकलेली मी, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, आणि मला मराठीतून मराठीत दुभाषा लागला. काका मात्र माझ्याशी मराठी, तमिळ आणि बस अशा तीन भाषांत बोलत.

सातव्या महिन्यात माझं ब्लड प्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, कराडचा प्रवास बंद केला, आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तोंड सुजलं तर तडक निघून या म्हणून बजावलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. काकांना उलट कामाचा हुरूप आला. “हवा जास्त जाली आहे गे. हवा बघत राहावें लागतें,” म्हणाले, आणि तेव्हापासून सकाळी गॅलरीखाली उभे राहून विचारायला लागले, “हवा बघितली?” मी लाजेनं आत पळायचे. सासूबाई वरूनच आकडा ओरडून सांगायच्या. माझं ब्लड प्रेशर पेपरवाल्यालासुद्धा पाठ झालं होतं.

मग सुरू झाली शुक्रवारची तालीम.

काकांचं म्हणणं साधं होतं. कळा सुरू झाल्या की घरची माणसं हातपाय गाळतात. पिशवी सापडत नाही, रिक्षावाला जेवायला गेलेला असतो, देवळाचा रथ नेमका त्याच रस्त्यावर उभा असतो. म्हणून सगळं आधी करून बघायचं. दर शुक्रवारी अकरा वाजता सेल्वमची रिक्षा दारात. मी जिन्यावरून उतरायचं, नवऱ्यानं पिशवी घ्यायची, सासूबाईंनी माझा दंड धरायचा. मागे स्कूटरवर मुरुगेसन आणि शाळेतले ड्रिलचे डेव्हिड सर, कारण दोघांचा रक्तगट माझाच. काका त्यांना ‘स्टेपनी’ म्हणत. तेही बिचारे आपापलं काम टाकून स्टेपनी व्हायचे. सगळे बसले की काका पुढे सेल्वमच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबत दोन छोट्या शिट्ट्या मारून ओरडायचे, “पोलाम् रैट!” म्हणजे चला, जाऊ द्या, आणि आमची वरात आस्पत्रीच्या, म्हणजे इस्पितळाच्या, दारापर्यंत जाऊन परत यायची.

मला प्रथम मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या शुक्रवारी जरा बरं वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी मी विव्हळून बघितलं.

याला कारण कॉलेजचं स्नेहसंमेलन. तिथल्या एकांकिकेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं आणि मिळालेलं उत्तेजन अजून अंगात होतं. मी जिन्यावर थांबून कठडा धरला, डोळे मिटले आणि “आई गं!” केलं. समोरच्या ओट्यावरच्या बायका खूश झाल्या. पुढच्या शुक्रवारी त्या कॉफीचे पेले घेऊनच बसल्या. मग मी भूमिकेत नवीन नवीन गोष्टी घालायला लागले. एकदा तर मी नवऱ्याची कॉलर धरून “हे सगळं तुझ्यामुळे!” असंही म्हटलं. त्याला टाळ्या पडल्या. काकांना हे आवडत नसे. “नाटक नक्को गे. चोखट उतर, चोखट बस,” एवढंच म्हणायचे. पण कलावंताला प्रेक्षकांचा लोभ सुटत नाही.

त्याची फळं मिळायची ती मिळाली. माझ्या खऱ्या कळा शुक्रवारीच, पावणेअकराला सुरू झाल्या.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसले. “अहो, खरंच दुखतंय,” मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, “छान. पण ओट्यापर्यंत आवाज जात नाहीये.” सासूबाई म्हणाल्या, “आज फार करतीस की गे.” मी किंचाळले. ओट्यावरच्या बायका एकमेकींना टाळ्या देत हसल्या. सेल्वम रिक्षातून अंगठा दाखवून “सूपर, अक्का!” म्हणाला. मी शिव्या दिल्या, त्याही कऱ्हाडी, तर मुरुगेसननं हा नवा संवाद कुठला म्हणून डेव्हिड सरांना विचारलं. मी घामानं न्हाले होते, डोकं घणाचे घाव बसल्यासारखं ठणकत होतं, आणि अख्खी गल्ली माझं कौतुक करत होती. पोटातल्या बाळाशपथ, आयुष्यात पुन्हा कधी अभिनय करणार नाही असं मी देवाला सांगितलं.

कसंबसं मला रिक्षात बसवलं. काका नेहमीप्रमाणे पुढे चढले. शिट्टी ओठांत धरली आणि वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले. मग त्यांनी शिट्टी ओठांतून काढून खिशात टाकली.

शिट्टी झाली नाही तेव्हा गल्ली गप्प झाली. नवऱ्याच्या हातातली पिशवी पडली. सेल्वमनं रिक्षा अशी काढली की स्टेपनी मागे धावतच निघाले. आस्पत्रीच्या दारात त्यांनी हात धरून मला उतरवलं, “हळू उतर,” म्हणाले, आणि मी चाकांच्या खुर्चीत बसेपर्यंत फाटकाबाहेरच उभे राहिले.

मुलगी झाली. ती लगेच रडली, तिला माझ्या छातीवर ठेवलं, आणि मी आता काहीतरी आईसारखं सुंदर बोलावं असा विचार करत होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शनं झाली, धावपळ झाली, माझे हातपाय गार पडत चालले. नर्स रक्तासाठी माणसं हवीत म्हणून बाहेर गेली, तर बाकावर मुरुगेसन आणि डेव्हिड सर बाह्या वर करूनच बसलेले. दर शुक्रवारी स्कूटरवरही ते तसेच बसत. मला फार काही आठवत नाही. भीती मात्र आठवते. तिची थट्टा मला अजून करता येत नाही.

मी वाचले. मग माणसांची रीघ लागली. वजन किती, नाक कुणाचं, रंग कुणाचा, पुढच्या खेपेला मुलगा होईल, काळजी करू नको. सगळे आले. काका आले नाहीत.

“येणार नाहीत,” सासूबाई म्हणाल्या. “फाटकाच्या आंत कधीं येत नाहींत. कोणाचें काय जालें विचारतही नाहींत.” नवरा म्हणाला, ते रोज समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले असतात, पण हा काही सांगायला गेला की उठून चालायला लागतात.

चालायची परवानगी मिळाल्यावर मी खाली उतरले. टाके सांभाळत, एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं गाऊन धरून, बदकासारखी रस्ता ओलांडला. मला बघून काका उठले. या खेपेला पळाले नाहीत. मला पळता येत नव्हतं, म्हणून त्यांना दया आली असावी.

बाळाचं त्यांनी काही विचारलं नाही. “तूं कशी आहेस?” म्हणाले. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं.

“बरी आहे, काका. पुष्कळ रक्त गेलं. पण आता बरी आहे.”

ते बाकावर बसले. रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

“पूर्वीं एक बाई आडुतुरैला माझे गाडींत चढली होती. बाळंत होऊन थोडेच दिवस जाले होते, रक्त जात होतें. संगें म्हातारी आई. तिरुविडैमरुदूरला मी अस्क्यांस सांगितलें, आतां गाडी कोठेंही थांबणार नाहीं. येथें आणली. ह्याच फाटकांत उतरवली. मग गाडी न्यावी लागली की गे, गाडीभर माणसें होतीं. दुसरे दिवशीं येऊन विचारलें. आस्पत्रींतले नांव सांगा म्हणाले.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “कंडक्टर नांव कोठें विचारतो? कोठें उतरणार तेवढेंच विचारतो.”

मी टाके सांभाळत त्यांच्याशेजारी टेकले.

“तुजही तसेंच रक्त गेलें,” काका म्हणाले. “तरी तूं बरी जालीस की?”

“झाले की, काका.”

“मग तीही जाली असेल?”

मला कुठून माहीत असणार? मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, “झाली असणार, काका. नक्की झाली असणार.”

“आणखी एकदां सांग,” ते म्हणाले. मी सांगितलं.