गव्हाणीतली कोंबडी

आमच्या गावच्या कोंबड्या लेखी अर्जाशिवाय अंडं देत नाहीत. अर्ज दोन प्रतींत लागतो, त्यात अंड्याचा उपयोग स्पष्ट लिहावा लागतो आणि मागच्या खेपेच्या अंड्यांचं उपयोगिता प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. तहसील कार्यालयात तीस वर्षं लिपिक म्हणून काढल्यामुळे गावातले हे अर्ज बहुतेक मीच लिहितो. कचेरीपेक्षा इथलं काम चोख चालतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

अर्ज खुराड्यासमोर दगडाखाली ठेवायचा. मंजूर झाला तर कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चोचीने भोक पडतं. नामंजूर झाला तर कागद मातीत उकरून टाकलेला सापडतो. आणि कागद जसाच्या तसा, पण उलटा करून ठेवलेला दिसला, तर समजायचं की सुनावणी आहे. आजारी माणसासाठी अंडं हवं असेल तर निकाल त्याच दिवशी लागतो. एका मुलीने 'केसांना लावण्यासाठी' असं खरं लिहिलं होतं, तिचा अर्ज उकरला गेला. निवडणुकीत एका कार्यकर्त्याने सहा डझन अंडी मागितली आणि उपयोग लिहिला, 'सभेसाठी'. सुनावणीत भुरीने त्याला एवढंच विचारलं, "खायला की फेकायला?" तो गडी अजून या गल्लीत फिरकलेला नाही.

भुरी ही मुख्य कोंबडी. चर्चच्या मागच्या खुराड्यात असते. दसऱ्यापासून तिने स्वतः अंडं दिलेलं नव्हतं, वय झालं होतं, पण पदाचा आणि अंड्याचा संबंध नाही. बोलते कमी आणि फक्त सुनावणीत. मी नोकरीत अकरा तहसीलदार पाहिले. भुरीच्या तोडीचा एकही नव्हता, आणि हे मी त्यांच्यापैकी दोघांच्या तोंडावर बोललेलो आहे.

आता रूथबाई मकासरे यांच्याविषयी. त्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. दर नाताळात चर्चच्या प्रीतिभोजनात जेवणाआधी जे ताट फिरतं, ते गेली सत्तावीस वर्षं रूथबाई करतात. ताटात चोवीस उकडलेली अंडी असतात आणि त्यांतलं एकही अंड्यासारखं दिसत नाही. मेंढपाळांना गाजराची टोपी आणि फरसबीची काठी. देवदूतांना मुळ्याच्या पातळ चकतीचे पंख, इतके पातळ की पलीकडचं बोट दिसावं. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांना टोमॅटोचे मुकुट. सगळ्यांना मोहरीचे डोळे. आणि आत, पिवळा बलक लोणी, हिरवी मिरची, लिंबू आणि कोथिंबीर घालून मळलेला आणि परत भरलेला. मी दरवर्षी मेंढपाळ घेतो. तोंडात टाकण्याआधी त्याची क्षमा मागावीशी वाटते, इतका तो जिवंत दिसतो. मग मी तो खातो.

या वर्षी डिसेंबरच्या सभेत आमच्या चर्चचे चिटणीस, निवृत्त मुख्याध्यापक एलिया पगारे सर, उभे राहिले. म्हणाले, "रूथबाईंच्या हाताला कंप आहे. अंड्यांची मंजुरी हाही दरवर्षीचा घोर. तेवीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत अंडी हातात आली तर ठीक. नाहीतर तालुक्याहून कटलेट मागवू, आणि पुढेही तीच पद्धत ठेवू. बाईंनाही आराम." सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांची वाक्यं मात्र कायम फळ्यावर लिहिल्यासारखी असतात आणि पुसायची सोय नसते.

रूथबाई दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या. चहा घेतला नाही.

"भाऊजी, अर्ज असा लिहा की नाही म्हणायला जागाच राहू नये," त्या म्हणाल्या. "मला नको आराम. वर्षभर कुणी माझ्या दारात येत नाही. डिसेंबर लागला की सगळे विचारतात, रूथबाई, ताटाचं कुठवर आलं? ताट गेलं तर मला कशासाठी हाक मारतील?"

मी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला अर्ज होता. त्यात काना-मात्रा तर सोडाच, एक अनुस्वार इकडचा तिकडे नव्हता. सकाळी दगडाखाली ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर कागद उलटा होता.

सुनावणी बावीस तारखेला सकाळी दहाला झाली. खुराड्यासमोर तीन खुर्च्या आणि एक स्टूल मांडलं. खुर्च्यांवर रूथबाई, पगारे सर आणि आमचे पाळकसाहेब बसले. स्टुलावर मी. भुरी उलट्या टोपलीवर बसली आणि तिने प्रथम एक डोळा, मग दुसरा, असा अर्ज दोनदा वाचला.

"देखाव्यात कोण कोण?" तिने विचारलं.

"नऊ मेंढपाळ, सहा देवदूत, चार मेंढरं, तीन ज्ञानी लोक, एक गाय, एक गाढव," रूथबाई म्हणाल्या.

"बाळ? आई-बाप?"

"ते नाही करत, बाई. त्यांना खायचं कसं? मध्ये शेवेची गव्हाण करते. ती रिकामी असते."

भुरीने मान हलवली. उत्तर तिला पटलं असावं. मग म्हणाली, "आणि कोंबडी?"

 पगारे सरांनी घसा साफ केला. "शास्त्रात त्या ठिकाणी कोंबडीचा उल्लेख नाही."

"गाढवाचा आहे?"

सरांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब खरं बोलणारा माणूस. "त्या ठिकाणी नाही," ते म्हणाले. "गाईचाही नाही."

"मग ती दोघं कुठून आली?"

"रिवाजाने आली."

"गव्हाणीत गवत होतं?"

"असणारच."

"गवत असेल तिथे कोंबडी असते," भुरी म्हणाली. "हे सांगायला शास्त्र लागत नाही."

 पाळकसाहेब म्हणाले की एकोणीस वर्षं नाताळचा उपदेश करतो आहे, पण हे सुचलं नाही. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून ते टिपून घेतलं.

मला वाटलं, संपलं. पण भुरी म्हणाली, "दुसरा मुद्दा. प्रमाणपत्रं." तिच्या आधीच्या नऊ मुख्य कोंबड्यांचं दफ्तर तिच्याकडे आहे, आणि तिने सत्तावीसही वर्षांची प्रमाणपत्रं काढून पाहिली होती. "अंडी कुणी खाल्ली, त्याच्या याद्या आहेत. हा अर्ज लिहिणाऱ्या बोर्ड्यांचं नाव पंचवीस वेळा. दोन वर्षं ते पंढरपूरला बदलीवर होते. पगाऱ्यांचं नाव अठ्ठावीस वेळा."

"वर्षं तर सत्तावीसच झाली," पाळकसाहेब म्हणाले.

"एका वर्षी दोन."

पगारे सर चष्मा पुसू लागले.

"अर्जदाराचं नाव एकदाही नाही," भुरी म्हणाली.

रूथबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पुरत नाही, बाई. माणसं वाढतात, अंडी तेवढीच. वाटता वाटता संपतं. आणि मी मिश्रण चाखते की."

"मिश्रण म्हणजे अंडं नव्हे."

 भुरीने निर्णय दिला. चोवीस अंडी मंजूर, अट एक: पंचविसाव्या अंड्याची कोंबडी करून गव्हाणीत बसवावी आणि ती अर्जदाराने स्वतः खावी. अट पुरी झाली नाही तर मंजुरी रद्द.

"पंचविसावं अंडं कोण देणार?" पगारे सरांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. थंडीचे दिवस, कोंबड्या मोजक्या, चोविसांचीच ओढाताण. शिवाय अर्ज चोविसांचा होता आणि वाढीव अंड्याचा नवा अर्ज निकाली निघायला तीन दिवस लागतात. नियम भुरीचेच होते, आणि ती स्वतःसाठी ते वाकवणाऱ्यांपैकी नव्हती.

"ते अर्जाशिवाय द्यावं लागेल," भुरी म्हणाली, आणि टोपलीवरून उतरली. आमच्या गावात असं कधी घडलेलं नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तेवीस तारखेला साडेदहापर्यंत चोवीस अंडी मिळाली. कोंबड्या एकेक करून आल्या आणि कर्तव्य करून गेल्या. मग भुरी स्वतः खुराड्यात शिरली आणि कोपऱ्यात बसली. दसऱ्यापासून जिने अंडं दिलं नाही, ती. मला ते पाहवेना. रूथबाई दाराशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, नको गं. या वयात कशाला? कटलेट तर कटलेट." आतून उत्तर आलं नाही. सुनावणी संपलेली होती.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. पगारे सर हातात घड्याळ धरून उभे होते, पण आता ते घड्याळाकडे पाहत नव्हते. साडेअकराला त्यांनी स्वतःची लोकरी टोपी काढली, आत सरकवली आणि म्हणाले, "खाली कठीण लागत असेल." बाराला सात मिनिटं कमी असताना भुरी उठली. टोपीत अंडं होतं. लहान, फिकट, आणि एका बाजूला जरा चपटं. सरांनी ते टोपीसकट दोन्ही हातांत धरून रूथबाईंच्या घरापर्यंत नेलं. थंडीत त्यांचं टक्कल लाल झालं होतं, पण वाटेत कुणाला टोपीला हात लावू दिला नाही.

चोवीस तारखेला दुपारी मी आणि सर रूथबाईंच्या स्वयंपाकघरात होतो. बाईंचा हात खरंच थरथरत होता. पण ती थरथर त्यांनी कामाला लावली होती. मेंढरांवर पांढऱ्या भागाचा कीस चिकटवताना हात हलायचा आणि लोकर आपोआप कुरळी पडायची. सत्तावीस वर्षांत इतकी चांगली मेंढरं झाली नव्हती. डोळे बसवायची वेळ आली तेव्हा मात्र त्या थांबल्या.

"सर, तुम्ही नुसतं धरा," त्या म्हणाल्या. "आणि श्वास दुसरीकडे सोडा."

ज्या माणसाने भर सभेत कंपाचा विषय काढला, तो दीड तास अंडी धरून बसला. मोहरी बोटांतून निसटली की वाकून शोधत होता. शेवटी कोंबडी केली. टोमॅटोचा तुरा, गाजराची चोच, पांढऱ्याचेच कापून उचललेले पंख. चपटी बाजू खाली गेली आणि ती गव्हाणीत अशी बसली की जणू ती जागा तिचीच होती. मी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते मला अजून सांगता येणार नाही.

पंचवीस तारखेला उपासना झाल्यावर मंडपात ताट आलं. भुरीला निमंत्रण होतं. ती पाळकसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. माणसं उठून ताटाभोवती आली. गव्हाणीत कोंबडी पाहून कुणालाच नवल वाटलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "ही आधीपासूनच होती ना?" मग वाटप झालं. मेंढपाळ गेले, देवदूत गेले. पगारे सरांनी एकच ज्ञानी माणूस घेतला आणि तो मोजून सगळ्यांना दाखवला.

ताटात कोंबडी तेवढी राहिली. रूथबाईंनी सवयीने ताट उचललं आणि धुवायला निघाल्या.

"अर्जदार," भुरी म्हणाली.

सुनावणीबाहेर ती बोललेलं आम्ही प्रथमच ऐकलं.  पाळकसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची रूथबाईंना दिली. बाई बसल्या. कोंबडी हातात घेतली, तिच्या तुऱ्याकडे बघितलं, भुरीकडे बघितलं, आणि खाल्ली. सावकाश, डोळे मिटून. 

"कसं आहे?" भुरीने विचारलं.

रूथबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज दवाखान्यातला होता. "आतलं चांगलं आहे. वरच्या पांढऱ्याला मीठ कमी आहे." मग त्या आमच्याकडे वळल्या. "सत्तावीस वर्षं खाताय. एकालाही बोलता आलं नाही?"

आम्ही खाली पाहिलं. मला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

प्रमाणपत्र मी त्याच दुपारी लिहिलं. अंडी पंचवीस, पंचवीसही खाण्यात आली, त्यांतलं एक अर्जदाराने. भोक लगेच पडलं.

सव्वीस तारखेला रूथबाई स्वतः लिहिलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. 'एक अंडं. उपयोग: मला खायचं आहे.' मी दुरुस्तीसाठी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. आम्ही दोघांनी जाऊन कागद दगडाखाली ठेवला. आम्ही फाटकापर्यंत पोचायच्या आत मागून चोचीचा आवाज आला.