दहापैकी चार

आदिलाबादकडच्या आमच्या बेला गावातल्या मोठ्या बाईंना कुणी सल्ला दिला, की त्या त्याला गुण देतात. दहापैकी आणि तोंडावर. मागच्या वर्षी शिंपी सीताराम सात गुण घेऊन गेला, दूधवाल्याला साडेपाच मिळाले आणि मला, म्हणजे त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं शिकवलेल्या आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या रेखाला, चार.

मोठ्या बाई म्हणजे कमलबाई, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नाही. हैदराबादला एक भाचा आहे, तो रविवारी फोन करतो. "उत्तर पूर्ण वाक्यात सांगा," हे बाईंचं वाक्य. मेथी आहे का विचारल्यावर भाजीवालीनं नुसतं "हाय" म्हटलं, तर बाई पिशवी पुढं करत नाहीत. "माह्याजवळ मेथी हाय" असं ती म्हणाली, की मग व्यवहार.

खरं सांगते, मी बाईंवर जळत आले आहे. माझ्या वर्गातली पोरं मला ओलांडून आधी त्यांना "जयभीम, मोठ्या बाई" म्हणायची. निवृत्त झाल्यावर तरी बरोबरी होईल असं वाटलं होतं. पण आजारसुद्धा त्यांना माझ्याहून भारी मिळाला. माझे नुसते गुडघे दुखतात. गुडघ्यांना भेटायला कोण येतं?

एका सकाळी बाईंनी भिंतीवरून हाक मारली. "रेखा, माह्या छातीत शाळा सुटून राह्यली वं! सारे पोरं दारात लोटालोटी करून राह्यले."

मी मनगट धरलं. ठोक्याला ठोक्याचा मेळ नव्हता. तशीच त्यांना आदिलाबादला नेलं. तिथली नर्स कागदावरच्या रेघा पाहून म्हणाली, "मॅडम, मी गुंडे..." तेलुगूत याचा अर्थ 'तुमचं हृदय'. बाईंना तेलुगू चांगलं येतं. तरी त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "गुंडा तू असशीन, पोरी. मी हेडमास्तरीण हाओ." त्या अवस्थेतसुद्धा विनोद त्यांचाच झाला. मी फक्त पर्स धरून उभी.

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे धड ठोका न देता नुसते थरथरतात. तिथं रक्त साकळलं आणि गुठळी डोक्यात गेली, तर लकवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या लागल्या, पण धडधड कमी करायच्या गोळ्यांचा गुण येईना. मग नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टरांनी अॅब्लेशन सुचवलं. "मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि..."

"पूर्ण वाक्यात सांगा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर बिचारे सरळ बसले. "जिथून चुकीचे ठोके उठतात, तिथं आतून चटका देऊन ती जागा आम्ही बंद करतो. थोडा धोका आहे. बऱ्याच जणांना आराम पडतो, काहींना पुन्हा करावं लागतं. विचार करून सांगा."

बाईंनी चार महिने विचार केला. रोज अंगणात खुर्च्या मांडल्या जायच्या आणि गाव सल्ला द्यायला यायचं. मी भिंतीवरून खुर्च्या मोजायची. आमचे हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, निजामाच्या वेळचे शब्द अजून तोंडात, फाइलला 'मिसल' म्हणतात. "बाईची मिसल निकाली निघून नाई राह्यली," म्हणत ते दोन्ही बाजू कागदावर लिहून गेले आणि नऊ गुण घेऊन आले. नऊ! एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना सहाच्या वर जाऊ दिलेलं नाही. त्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं, आणि लक्षात आल्यावरही मी ते राहू दिलं.

मी एवढंच म्हटलं होतं, "करून घ्या. मी येते तुमच्या संगं." त्यावर बाई म्हणाल्या, "कारण दिलं नाई. चार."

कापूस वेचणीला आला. एका दुपारी मनाशी ठरवून निघाले, की त्या चार गुणांवरून आज बाईंना चांगलं सुनावायचं. अंगण रिकामं होतं. सगळे शेतात. आत बाई खाटेला टेकून जमिनीवर बसल्या होत्या, छातीवर हात, केस मोकळे.

"डॉक्टरले फोन लावू?"

"नाई. बस."

मी बसले. बऱ्याच वेळानं धडधड ओसरली. आणलेलं भांडण आता करवेना. "बाई, भेव लागून राह्यलं काय तुमाले?"

"भेवाचं काय त्यात? मी तं नागपुरातच ठरवलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी केस बांधायला घेतले. "हो म्हटलं का लोकं 'बरं झालं' म्हणतात अन् घरी जातात, रेखा." मग म्हणाल्या, "तुयं बरं हाय. संध्याकाळी तुमा दोघायच्या भांडनाचा आवाज येते. मी भिंतीपाशी येऊन बसते."

खुर्च्या मी मोजल्या होत्या. पण त्याआधी, बाई निवृत्त झाल्यापासून सात वर्षं त्याच खुर्च्या घडी करून भिंतीला टेकवलेल्या होत्या, हे रोज दिसूनही मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन करून तारीख घेतली.

नागपूरला आम्ही दोघीच गेलो. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. ठोका ताळ्यावर आला होता. "सुरुवातीचे तीन महिने मधूनच धडधडेल, घाबरू नका. रक्ताच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत," असं त्यांनी सांगितलं, आणि तेही पूर्ण वाक्यात.

पाय न वाकवता बाईंना कितीतरी तास सरळ पडून राहायचं होतं. बाजूच्या खाटांभोवती माणसं मावत नव्हती. बाईंचा फोन माझ्या पिशवीत सारखा वाजत होता. बेल्याहून सगळे विचारत होते, आणि मी सगळ्यांना "बरं हाय" सांगत होते. "बरं झालं," म्हणून ते फोन ठेवत होते.

बाईंना झोप लागली. सिस्टर म्हणाली, "काकू, जेवून या, कँटीन बंद होईल."

मी उठायला गेले, तर साडीचा पदर अडकला. बाईंच्या मुठीत होता. हळूच ओढून पाहिला. झोपेतच मूठ आणखी आवळली.

मी स्टूल खाटेजवळ सरकवलं आणि बसून राहिले.