चादरीमागचे पाच ट्वीटर

देवरेकाकांकडे गेलं की चहाच्या आधी कानाची परीक्षा द्यावी लागे. बैठकीत एक स्टूल. समोर दोरीवर ताणलेली चादर. चादरीमागे काय वाजतंय ते आपण सांगायचं.

"डोळे लाच खातात, बाई," ते मला म्हणत. "स्पीकरवर जरा चकाकी दिसली की लगेच, वा, काय आवाज! म्हणून चादर."

कॅसेटी मागे पडून घरोघरी सीडी येत होत्या, तेव्हाची गोष्ट. नाशिकला इंदिरानगरात आमची सोळा घरांची सोसायटी. मी सेक्रेटरी. पाण्याची वही, पार्किंगची वही, तक्रारींची वही, सगळ्या माझ्याकडे. तक्रारींच्या वहीत देवरेकाकांना स्वतंत्र पान होतं: 'दुपारी पुन्हा पुन्हा घुंगरांचा आवाज.'

काका मूळचे सटाण्याकडचे, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवळात रमतात, काका ट्वीटरमध्ये रमले. ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या खोक्यातला वरचा छोटा गोल. झांज, घुंगरू, बासरीची फुंकर असले बारीक आवाज तो काढतो.

काकांच्या संशयाला सुरुवात मेन रोडवरच्या एका दुकानातून झाली. तिथून आणलेला खोका त्यांनी घरी येताच उघडला. वर झकास चंदेरी चकती, मागे वायरच नाही! नुसती डिंकाने चिकटवलेली. खोका उचलून ते तसेच दुकानात परतले.

"हे काय शे?" रागावले की ते अहिराणीत शिरत.

"शोसाठी असतं ते, काका," दुकानदार शांतपणे म्हणाला. "आजवर कुणी तक्रार नाही केली."

तेव्हापासून पुढची जाळी काढून पाहिल्याशिवाय ते कुठल्याच स्पीकरवर भरवसा ठेवीनात. मग एकेक जातीचा ट्वीटर घरात येऊ लागला आणि प्रत्येकाचं चारित्र्य तपासलं जाऊ लागलं. कागदी कोनाचा : "साधा माणूस. खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही." रेशमी घुमटाचा : "फार गोड बोलतो. काहीतरी लपवतोय." धातूच्या घुमटाचा : "नवं पातेलं! हा टणत्कार याचा स्वतःचा, गाण्यातला नाही." स्वस्तातला पिझो : "कानात डास." आणि मुंबईहून मागवलेला रिबन, पातळ पट्टीचा : "कानाच्या उंचीला बसलात तर स्वर्ग. उभे राहिलात की गायब. असला मित्र काय कामाचा?"

मलाही काकांचा संशय येऊ लागला होता. एवढे ट्वीटर कशाला? फ्लॅटमध्ये शिकवणी चालेल, पण दुकानदारी करायची नाही असा आमचा नियम. त्यामुळे "रविवारी चार शेजारी बोलावतोय, गुण तुम्ही लिहा," असं ते म्हणाले तेव्हा मी वही घेऊन हजर झाले.

एका फळीवर पाचही ट्वीटर चादरीमागे बसवलेले, खाली जाड आवाजांसाठी एक मोठा स्पीकर. काका आळीपाळीने एकेक वाजवणार. सुरुवातीला फक्त घुंगरू, मग तबला. घुंगरू ऐकू आलं की हात वर करायचा. चौघांचेही हात पाचही वेळा वर गेले. कुठला गोड यावर मात्र चांगलीच जुंपली आणि भांडत भांडतच मंडळी आत पोह्यांकडे वळली.

शेवटी निर्मलाकाकू हात पुसत आल्या. काकांच्या पत्नी. गेली वीस वर्षं त्या आतल्या खोलीत गाण्याचा क्लास घेत. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तर स्वयंपाकघरातून ओरडणाऱ्या. त्या स्टुलावर बसल्या.

पहिला ट्वीटर. घुंगरू वाजलं. हात मांडीवरच. तबला सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, घुंगरू लावलंच नाहीत का?" दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. तसंच.

"हे सगळे मागच्यांपेक्षाही वाईट," म्हणत त्या पोहे वाढायला गेल्या.

माझ्या वहीत चार ओळींत बरोबरच्या खुणा होत्या आणि पाचव्या ओळीत पाच फुल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी मला खुणेने गॅलरीत बोलावलं.

"आत बोलू नका, बाई. क्लास बंद करेल ती." त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "आधी मला खरंच वाटलं, ट्वीटर खराब. एक बदलला, दुसरा बदलला. मग शेजाऱ्यांना बसवलं. सगळ्यांना ऐकू येतं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"कान दाखव म्हटलं की तिला कळणार. एखादा तरी असा सापडू दे, ज्यातून तिला घुंगरू ऐकू येईल. तो तिच्या हातात ठेवतो, मग सांगतो."

माझ्याकडे कानाच्या डॉक्टरांचा पत्ता होता. तो कागदावर उतरवून दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला. गुणांचं पान मी वहीतून फाडलं. माझ्या वहीतलं पान मी त्याआधी कधी फाडलं नव्हतं.

आम्ही बैठकीत परतलो. "काय मग?" पोहे घेऊन बाहेर येत काकूंनी विचारलं. "कुठला चांगला ठरला?"

"एकही नाही!" काका एकदम गरजले. "पाचही बाद! समदा चोर शेतस!"

पोह्यांची बशी माझ्या हातात देत काकू हसल्या. "बघा हो! या माणसाचा जगात कुणावर विश्वास नाही. एका माझ्या कानावर तेवढा आहे."

"आहेच," काका म्हणाले आणि आमच्याकडे पाठ करून रिबनचे स्क्रू काढू लागले. पहिलाच स्क्रू निघायला फार वेळ लागला.