घड्याळाचं टोपडं

माझ्या घड्याळाची स्क्रीन पाच वर्षं नवीकोरी राहणार म्हणजे राहणार! हे मी आजच बोलतोय असं नाही. जानेवारीत अख्ख्या सासरवाडीसमोर बोललो होतो. आणि हा सिद्धनाथ एकदा बोलला की मागं सरत नाही. आमची सोनम याला हट्ट म्हणते. मी जिद्द म्हणतो.

झालं असं, की माझा साडू बिरुदेव अकलूजहून गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात आमच्याकडं आला होता. हातात धावणाऱ्यांचं स्मार्ट घड्याळ! बिरुदेव साखर कारखान्यात कामाला आहे आणि चहाची वेळ झाली तरच धावतो. पण घड्याळ मॅरेथॉनवाल्याचं! मी जवळून बघितलं, तर आकड्यांच्या मागं आणखी आकडे. फळा पुसला तरी आदल्या तासाचं गणित दिसत राहावं, तशी जुन्या तबकडीची सावली स्क्रीनवर बसलेली.

"हे काय रे?"

"उमटलंय ते. वरीसभर एकच तबकडी रातध्याड चालू ठिवली, मग बसली तितंच. चालतंय की!"

"चालतंय कसं? चांगल्या वस्तूची माती केलीस! मी असतो तर पाच वर्षं डाग पडू दिला नसता!"

"मग घ्या की साडूभाऊ. बगू आमी बी!"

सगळे हसले. सासूबाई तर पदरात तोंड घालून हसल्या. दुसऱ्याच दिवशी नव्या पेठेत जाऊन मी तस्संच घड्याळ घेतलं.

मग अभ्यास सुरू केला. एवढे व्हिडिओ मी परीक्षेच्या वेळी बघितले असते, तर आज साहेब झालो असतो. तर मंडळी, या स्क्रीनमधला प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि देता देता थकतो. एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवलं, की तिथले ठिपके आधी थकतात आणि डाग राहतो. आमच्या ऑफिससारखंच! काम करणारे तेवढे झिजतात, बाकीचे टवटवीत.

मी पहिल्याच दिवशी स्क्रीन कायम चालू ठेवायची सोय बंद केली. मग हात उचलला की ती उजळायची, तेही बंद केलं. उजेड अगदी तळाला नेला. पण मार्च आला आणि सोलापूरचं ऊन सुरू झालं. चुकून बोट लागून स्क्रीन उजळली, की ऊन बघून ते घड्याळ आपणहून उजेड वाढवायचं, आणि उजेड वाढला की ठिपके झिजणार! मग मी घरातल्या जुन्या टॉवेलचा तुकडा कापला, दुहेरी शिवला, दोन नाड्या लावल्या आणि घड्याळाला टोपडं बांधलं. दिसायला ते तान्ह्या बाळासारखं दिसायचं. पण सुरक्षित!

"अहो, किती वाजले?" सोनमनं मुद्दाम विचारलं.

"भिंतीवर बघ की."

"मग हे हातात कशाला बांधलंय?"

"ते वेळ बघायला नाही. ते टिकवायला आहे."

ती उठली आणि भिंतीवरचं घड्याळ बघून आली.

आता एप्रिलच्या शेवटाकडं येऊ. रविवारी आमच्या घरी धाकट्या मेहुणीचं, म्हणजे बिरुदेवच्या बायकोचं, डोहाळजेवण ठरलं होतं. सासरवाडी, अकलूजकर, शेजारीपाजारी मिळून घर भरणार. आणि आमच्या भागात नळाला पाणी येतं पाच दिवसांनी एकदा, तेही तासभर. शुक्रवारी येणारं पाणी टाकीत घेतलं, तरच रविवार निभणार. सोनम शिक्षिका, तिला त्या दिवशी शाळा. म्हणून मी रजा टाकली. पाण्याची रजा म्हटलं की आमचे साहेब कारण विचारत नाहीत, त्यांच्या घरीही नळच आहे.

"शुक्रवारचं पाणी चुकलं, तर रविवारी मला तोंड दाखवू नका!" सोनम म्हणाली. "बहिणीचं पहिलंच आहे. पाहुण्यांना हात धुवायला पाणी नाही म्हटलं, तर तिच्या सासरी आमचं काय राहील?"

"चुकतंय कसं? घड्याळात गजर लावलाय. साडेतीनला मनगट थरथरणार, मोटर सुरू होणार!"

पण तिकडं दुसरंच शिजत होतं. आमच्या शेजारच्या अमिनाभाभींनी मला दोन-तीनदा बघितलं होतं. मनगटाला टॉवेल गुंडाळलेला, हात छातीशी धरलेला, सावली शोधत चाललेला. "भाऊ, हात लई दुखतोय का?" त्यांनी एकदा विचारलंही. सगळं समजावून सांगायला पाऊण तास गेला असता, म्हणून मी नुसती मान हलवली. इथंच चुकलं! भाभींकडं एक शेळी आहे आणि माझ्या सासूबाईंकडं पन्नास. त्यामुळं दोघींचं फोनवर रोज बोलणं असतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता दारात केराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हजर! डोक्यावर गाठोडं, काखेत बांबूच्या कामट्या.

"जावयबापू, हात दावा."

"मामी, तुम्ही आज? रविवारी..."

"हात मोडून बसलाय आन्‌ आमाला सांगत न्हाय व्हय? दावा!"

"मोडला नाही, मामी! घड्याळ आहे ते!"

"आमची बकरी बी असंच करत्यात. पाय मोडला तरी दावीत न्हाईत."

सासूबाईंनी आजवर शेकडो बकऱ्यांचे पाय बसवलेत. त्यांच्या भागात डॉक्टरच्या आधी त्यांना बोलावतात. त्यांनी मला अंगणातल्या बाजेवर आडवं केलं आणि मेंढी कातरताना ठेवतात तसा माझ्या दंडावर गुडघा ठेवला. मग टोपड्याच्या नाडीला हात घातला. वर ऊन नुसतं ओतत होतं!

"मामी, उघडू नका!" मी दुसऱ्या हातानं मनगट झाकलं. "उन्हात उघडायचं नाही!"

तुम्ही म्हणाल, अरे बाबा, उघडून दाखवायचं होतंस, तिथंच मिटलं असतं! खरं आहे. पण तीन महिने जपलेली स्क्रीन भर उन्हात उघडी टाकायची? मी जीव गेला तरी हात काढणार नव्हतो.

"लई कळ मारतीया लेकराला," सासूबाई कळवळल्या. "ऱ्हाऊ द्या. वरनंच बांदते."

आणि त्यांनी टोपड्यासकट कामट्या बांधल्या. वर आंबेहळदीचा लेप. त्यावर लुगड्याची पट्टी. शेवटची गाठ मारत होत्या, तेवढ्यात मनगट थरथरलं.

"बगा! हाड कसं फडफडतंय आत!"

"मामी, गजर आहे तो! पाणी आलं! सोडा मला!"

"ताप डोस्क्यात गेला," म्हणत त्यांनी पट्टीचे आणखी दोन वेढे घातले. जितकं थरथरे, तितकं आवळत गेल्या. मग मला तांब्याभर पाणी पाजलं. घरातला तो शेवटचा तांब्या होता!

शेजारी अमिनाभाभींची मोटर घुर्रर्र चालू होती. त्यांनी भिंतीवरून डोकावलं, मला बाजेवर पट्टीत बघितलं आणि डोळे पुसत आत गेल्या. बिचाऱ्याला झोपू दे, असं त्यांना वाटलं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मी सुटून नळाशी पोचलो, तेव्हा नळातून फक्त फुस्स आवाज आला.

सोनम आली. तिनं टाकीचं झाकण उचललं, आत बघितलं, मग माझ्याकडं, मग तिच्या आईकडं. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मात्र मला माझीच लाज वाटली.

"सोनम," मी कामट्या सोडत म्हणालो, "रविवारी पाणी असणार म्हणजे असणार!"

शहराबाहेर कुंभारी गावात ऑफिसातल्या मित्राची बोअर आहे. शनिवारी उजाडल्यापासून मी स्कूटरला दोन्हीकडं कॅन बांधून खेपा सुरू केल्या. कुंभारी ते घर, घर ते कुंभारी! एप्रिलचं ऊन, बाह्या वर केलेल्या, मनगटावर टोपडं. अमिनाभाभींनी, "चूक माजी बी हाय की भाऊ," म्हणत आपल्या टाकीतल्या घागरी काढून दिल्या. सासूबाई दारात बसून कॅन मोजून घेत होत्या आणि अधूनमधून माझ्या हाताकडं संशयानं बघत होत्या.

रविवारी सकाळी बिरुदेव आला आणि आल्या आल्या त्यानंही कॅन उचलले. दोन्ही हात गुंतलेले असताना त्यानं आपल्या मनगटाकडं नुसती नजर टाकली. "नऊ वाजल्यात. अजून दोन खेपा हुत्यात साडूभाऊ, चला!" माझं घड्याळ टोपड्यात झोपलेलं होतं.

पाणी पुरलं! मेहुणीची ओटी भरली, पंगती उठल्या, पाहुणे हात धुऊन सुपारी खात बसले. सोनम तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. मी ठरवलं, हीच वेळ! सगळ्यांना माजघरात बोलावलं, खिडकी लावली आणि टोपड्याची नाडी सोडली.

"बघ बिरुदेव! आहे कुठं डाग?"

स्क्रीन आरशासारखी! बिरुदेवनं घड्याळ मागून घेतलं, तिरकं धरलं, उलटं धरलं. "न्हाय बाबा! मानलं!"

पण बाकी कुणी घड्याळाकडं बघत नव्हतं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. हात कोपरापर्यंत जळून काळा ठिक्कर, आणि मनगटावर गोरापान, ठसठशीत गोल! टोपड्याचा आकार, नाडीच्या गाठीच्या दोन कानांसकट.

"अगं बया!" सासूबाईंनी माझा हात हातात घेतला. "घड्याळाला न्हाय, जावयबापूंना पडला की डाग!"

आज दोन महिने झाले, गोल तसाच आहे. तो काळवंडावा म्हणून मी रोज दुपारी उघडं मनगट उन्हात धरून गच्चीवर बसतो. त्यासाठी घड्याळ काढून कपाटात ठेवावं लागलं. पाण्याच्या दिवशी मी गच्चीवरूनच अमिनाभाभींना वेळ विचारतो.

स्क्रीन मात्र अजून नवीकोरी आहे हं!