लॅपटॉपवर उतरवलेली स्थळं

संगणकातलं मला कळतं हे तंजावरात कुणी कुणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगतो! आमच्या मराठी सभेच्या वधूवर यादीचं काम मी असंच अंगावर ओढून घेतलं. खरं कारण घरातलं होतं. माझी मुलगी सीतालक्ष्मी सत्तावीस वर्षांची झाली होती आणि पापनाशमच्या बाळकृष्णाचं स्थळ मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

युक्ती साधी. सभेच्या सर्व्हरवरची यादी लॅपटॉपवर उतरवायची, सर्व्हरशी संबंध तोडायचा, नेट नसलेल्या गावांतही तिच्यात भर घालायची आणि शेवटी सगळं एकदम परत चढवायचं. लग्नाळू मुलामुलींच्या ओळी आधीच होत्या. त्यांच्यावर मी सभेच्या सगळ्या सभासदांची, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांचीही, यादी लोड केली. प्रोग्रॅमनं विचारलं, त्याच नावाची, त्याच घराची ओळ आधीच असेल तर काय करू? मी म्हटलं, जुनं पुस, नवं लिही. नवं ते बरोबर! मग प्रोग्रॅमनं जुळवलेल्या स्थळांना लॅपटॉपवरूनच मेसेज सोडले.

शनिवारी दहाला दारात गाडी थांबली. जरीकाठी वेष्टी नेसलेले, केस रंगवलेले एक वयस्कर गृहस्थ फळांची पिशवी घेऊन उतरले.

"या, या. मुलगा मागून येतोय का?"

"कुठला मुलगा? मीच बाळकृष्णराव."

मी गाडीत वाकून पाहिलं. रिकामी. सभेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या रघुरामला फोन लावला.

"पापनाशमचा बाळकृष्ण, वय तीस. इथं सगळं बरोबर आहे, अण्णा."

मी आत गेलो. लॅपटॉप उघडला तर बाळकृष्ण, वय शहात्तर. तेव्हा कुठं आठवलं, आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात! नातवाला पुसून आजोबा त्याच्या ओळीत येऊन बसले होते, आणि संबंध तोडलेला असल्यामुळे सर्व्हरला त्याचा पत्ताच नव्हता. पुढच्याच क्षणी मी सीतालक्ष्मीची ओळ शोधायला लागलो. माझ्या मुलीला माझ्या आईचं नाव आहे.

मी धावत बाहेर आलो. "माफ करा, चूक झाली. मुलगी सत्तावीसची आहे."

"अय्यो! मेसेजमध्ये बहात्तर लिहिलंय. सत्तावीसची असती तर मी आलोच नसतो. या वयात बोलायला कुणी असलं तर बरं, म्हणून आलो."

तेवढ्यात माझी आई, आमची अम्मा, स्वतः कापी घेऊन आली. सकाळपासून ती नवी रेशमी साडी नेसून होती. मला वाटलं होतं, नातीसाठी.

"मलाही आला मेसेज," ती शांतपणे म्हणाली. "वय बरोबर आहे."

दोघं तासभर बोलत बसले. मुलगी दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी मी धीर करून विचारलं, "आणि तुमच्या नातवाचं कसं?"

बाळकृष्णरावांनी कापीचा पेला खाली ठेवला. "आधी थोरल्यांचं होऊ दे. मग धाकट्यांचं बघू. आमच्या घराची रीत आहे."

तेव्हापासून मुलीच्या लग्नाच्या काळजीनं मी रोज अम्माच्या मागे लागलोय, की बाई, एकदाचा होकार दे. ती म्हणते, घाई काय आहे, अजून दोन-चार स्थळं दाखव.