डावीकडचा साक्षीदार

दावीदबुवांशी बोलताना माणसाला एका जागी उभं राहता येत नसे. बुवा त्याचा दंड धरून त्याला आपल्या उजव्या हाताला तरी ओढत, नाही तर डाव्या हाताला ढकलत. उजवीकडचा तरला. डावीकडच्यानं आपलं आपण पाहावं.

अकोल्याच्या कापूसबाजारात ही ओढाओढ रोज चाले. माझा वांग्यामिरच्यांचा मळा मोर्णा नदीच्या काठी, आणि बुवांची झोपडी मळ्याच्या कुंपणाला लागून. त्यामुळे मला ती घरबसल्या भोगावी लागे. सकाळी उजवीकडे असलेला मी, बायकोवर खेकसलो की दुपारी डावीकडे.

मूळचे ते देवमन गाडीवान. कापसाच्या गाड्या हाकताना कुठल्याशा मुक्कामी एका पाद्र्याच्या गोष्टी त्यांच्या कानी पडल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि देवमनचे दावीद झाले. पाद्री पुढं निघून गेला, गोष्टी मात्र बुवांकडेच राहिल्या.

दिवसही मोठे अजब होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. त्या गर्दीत बुवा रिकाम्या गाडीवर उभे राहून ओरडत, "निवाडा व्हायचा हाय, बावाहो! राजा येईन, मेंढरं उजवीकडं घेईन आन् शेळ्या डावीकडं हाकलन!"

एका म्हातारीनं त्यांना तिथंच अडवलं. "काहून? शेळीनं त्याचं काय खाल्लं? माह्यी शेळी नातवंडं पोसून राहिली. मेंढी काय देते, खाज?"

बाजार हसला. बुवा डगमगले नाहीत. "बरं, शेळी राहू द्या. गव्हाची गोष्ट आयका. मालकानं गहू पेरला, वैऱ्यानं त्यात तण पेरलं. गडी म्हने, उपटू का? मालक म्हने, नको, कापनीपर्यंत दोनी वाढू द्या."

"निंदन नाई करत?" एक कुणबी म्हणाला. "असा मालक वऱ्हाडात एका सालात बुडन!"

"त्याचं वावर लय मोठं हाय," बुवा शांतपणे म्हणाले. "त्याले परवडते."

बुवांची डावी बाजू एका माणसासाठी मात्र कायमची राखलेली होती. तो म्हणजे गुलाबशेट दलाल. मापात मारण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता. तो दिसला की बुवा सगळ्यांदेखत डावा हात लांब करून म्हणत, "शेट, तुमची जागा झाडून ठेवली हाय!" शेटही नमस्कार करून पुढं जाई.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. बाजार ओस पडला. गुलाबशेटला उलट्या सुरू झाल्या, तशी त्याच्या घरच्यांनी गाडी जुंपली आणि त्याला ओसरीवर टाकून ती सगळी अमरावतीला निघून गेली. हे कळलं तेव्हा बुवा माझ्या विहिरीवर घागर भरत होते. ती खांद्यावर घेऊन ते सरळ शेटच्या घरी गेले. मी लांब रस्त्यावर उभा राहिलो. जवळ जायची छाती झाली नाही. बुवा शेटचं अंग पुसत होते, घोटघोट पाणी पाजत होते, घाणीची धोतरं उचलून बाहेर नेत होते.

"बुवा," मी ओरडलो, "हा त तुमचा डावीकडचा!"

"निवाडा झाला का अजून?" बुवा मान वर न करता म्हणाले. "तोवर तहान लागते ना मानसाले!"

शेट वाचला. काठी टेकत बुवांच्या झोपडीपर्यंत आला आणि हात जोडून म्हणाला, "काय पायजे ते मांगा."

बुवांनी बोटानं जमीन उकरली. मग म्हणाले, "माह्यासंगं पातूरले चाला. साक्ष द्या."

"कोनापुढं?"

"गिरजापुढं. माह्या बायकोपुढं."

इतकी वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो, पण बुवांना बायको आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाप्तिस्मा झाला तसा मेहुणा तिला माहेरी घेऊन गेला होता.

"तिच्या माहेरचे म्हनतात, बाटला तसा मानूस बिघडला," बुवा म्हणाले. "उद्या त्या उजव्या बाजूले मी एकटा जाऊन बसलो आन् ती राहिली दुसरीकडं, त मी तिथं करू काय?"

गाडी माझीच होती. पातूरला पोचलो तर मेहुणा दारातच. गुलाबशेटनं घसा साफ करून सुरुवात केली, "देवाची आन घेऊन सांगतो, हा मानूस..."

"तू सांगतं?" मेहुणा कडाडला. "माह्या कापसाले मापात मारलं तू! तुह्यी साक्ष!"

बाजारातला सगळ्यात लबाड माणूस साक्षीदार म्हणून आणला होता आम्ही! पण शेट हटला नाही. "मारलं," तो म्हणाला. "तसल्या मानसाची घान यानं काढली. माहे पोरं पळून गेले. हा बसून राहिला." आणि काठीवर डोकं टेकून तो रडायला लागला.

मेहुणा दारातून बाजूला झाला. गिरजाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. बुवांकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "सैपाक कोन करते?"

"कोनी नाई," मी म्हणालो. "कच्च्या भाकरी खातात."

त्या आत गेल्या. बैलांना पाणी पाजून आम्ही गाडी जुंपली, तेव्हा त्या बाहेर आल्या. हातात लाल फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. त्या बुवांच्या ओंजळीत ठेवून म्हणाल्या, "फडकं वापस आनून द्या. स्वता या. कोनाजवळ पाठवू नका."

वाटेत मला आणि शेटला कडकडून भूक लागली. मी दोनदा मागितलं. बुवांनी गाठ सोडली नाही.